कसब्याचा जमाखर्च व केराची व्यवस्था

(शिवथर–महाड मुलुखाच्या अनुषंगानें)

शिवथर हें नांव इतिहासाभ्यासकांस दोन कारणांनीं परिचित आहे. जावळीच्या मोऱ्यांच्या अमलांतील मुलूख म्हणून तें एकदां कागदोपत्रीं येतें. आणि समर्थ रामदासस्वामींच्या वास्तव्याच्या परंपरेमुळें पुन्हां येतें. धुळ्याचे कै. शंकर श्रीकृष्ण देव यांनीं १९३० च्या सुमारास येथील घळ प्रकाशांत आणल्यापासून या दुसऱ्या कारणाची ख्याति अधिक झाली. वरंध घाटाच्या पायथ्याच्या या खोऱ्यांत कसबे शिवथर, कुंभे शिवथर व आंब शिवथर अशीं तीन गांवें एकाच नांवाचीं आहेत. त्यांतील ‘कसबे’ हें विशेषण आमच्या प्रस्तुत विषयाचें बीज होय. कसबा म्हणजे नुसती मौजे वस्ती नव्हे. आजूबाजूच्या गांवांचें बाजाराचें व वसुलाचें ठिकाण तो कसबा. जेथें बाजार तेथें गर्दी, जेथें गर्दी तेथें केर, आणि जेथें केर तेथें तो उचलणारा कोणी तरी असलाच पाहिजे. तो कोण, त्यास मोबदला काय, आणि तो मोबदला कोणत्या वहींत लिहिला जाई, हा प्रश्न क्षुद्र दिसला तरी आपल्या समाजरचनेच्या मुळाशीं जाणारा आहे.

प्रथम वह्यांचा विचार करूं. मराठेशाहींतील हिशेबाची शिस्त दप्तरें चाळणारांस ठाऊकच आहे. रोजच्या घडामोडीची रोजकीर्द, तीवरून खतावणी, वर्षाअखेर ताळेबंद, आणि साऱ्यांचा सारांश तो तरजुमा. वर्षारंभीं मामलेदाराच्या हातीं जमाखर्चाचा जो अंदाज दिला जाई त्यास अजमास किंवा बेहेडा म्हणत. पुढील वर्षीं काय यावें व काय जावें हें आगाऊ ठरविण्याची ही पद्धति म्हणजे आजच्या अर्थसंकल्पाचीच पूर्वज होय. कचेरीच्या किरकोळ खर्चास सादिलवार हें सदर असे. गांवपातळीवर गांवखर्च निराळा. देवस्थानें, पीर, अतिथि, सणवार, सरकारी माणसांचा मुक्काम यांचा बोजा गांवावर पट्टी बसवून भागविला जाई. एल्फिन्स्टन यानें पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलुखाविषयींच्या १८१९ च्या अहवालांत गांवखर्चाची दखल घेतली आहे. आणि गुडाइन यानें १८५२ च्या आपल्या अहवालांत देशावरील गांवांचे वतनदार व त्यांचा मोबदला यांची तपशीलवार नोंद केली आहे.

आतां, अशा गांवखर्चाच्या यादीची जी प्रमुख सदरें वर दिलीं, त्यांत देवाचें तेल आहे, फकिराचा शिधा आहे, पाहुण्याचा विडा आहे. पण रस्ता झाडल्याबद्दल, मेलेलें जनावर ओढून नेल्याबद्दल रोख रक्कम असें सदर नाहीं. याचा अर्थ गांवें झाडलीं जात नव्हतीं असा नव्हे. या अभावाचीं कारणें दोन आहेत, व दोन्हीं समजून घेतल्याखेरीज त्या याद्यांचें वाचन अपुरें राहील.

पहिलें कारण शेतीचें. शिवथरसारख्या डोंगरी खोऱ्यांत केर हा फेकण्याचा पदार्थच नव्हता. नाचणी व भात यांच्या रोपांकरितां पावसाळ्यापूर्वीं जमिनीवर शेण, पालापाचोळा, झाडाच्या डहाळ्या व गवत यांचे थर पसरून ते जाळावयाचे, याला राब भाजणें म्हणतात. त्या राखेवर पहिल्या पावसांत बीं पेरावयाचें. ज्याच्या घरीं राबास पुरेसें शेण व पाला नाहीं त्याचें रोप खुरटलें. म्हणजे गोठ्यांतलें शेण, आंगणांतला पाचोळा, चुलींतली राख ही सारी कुणब्याची मत्ता होती. उकिरडा हा घराचा ठेवा होता. बारा वर्षांनीं उकिरड्याचेंहि दैव उघडतें ही म्हण अशाच समाजांत निघते. जी वस्तु विकत घ्यावी इतकी मोलाची, ती उचलून नेण्यास पैसे कोण देईल? जमेच्या बाजूची वस्तु खर्चाच्या बाजूस पडली नाहीं, इतकाच याचा अर्थ.

दुसरें कारण श्रमाचें, आणि तें इतकें निष्पाप नाहीं. जो केर शेताच्या उपयोगी नाहीं — चावडीपुढील घाण, मेलेलीं जनावरें — तो काढण्याचें काम वतन म्हणून महारांकडे लावून दिलें होतें. सांगावा पोंचविणें, शींव राखणें, सरकारी ओझें वाहणें यांबरोबरच चावडी झाडणें व मृत जनावर ओढणें हीं त्यांचीं कामें. मोबदला बलुत्याच्या रूपानें, म्हणजे खळ्यावरील धान्याच्या हिश्शानें, रोख नव्हे. कोंकणांत बलुत्याची घडी घाटावरच्याइतकी पक्की नव्हती, त्यामुळें काम तेंच व मोबदला मात्र अधिकच अनिश्चित असा प्रकार होता. कुळकर्ण्याच्या वहींत ही बाब येईना, कारण ती पैशाची नव्हती. आणि ती पैशाची नव्हती म्हणून तिचा दर, वेळ, मर्यादा यांपैकीं कांहींच ठरलेलें नव्हतें. जो खर्च लिहिला जात नाहीं त्याची वाढ मागतां येत नाहीं. वहींतील हें कोरें स्थान गांव स्वच्छ होतें याचा पुरावा नसून कोणाच्या तरी श्रमाची नोंदच नव्हती याचा पुरावा आहे.

या सर्वसाधारण स्थितीस एक लक्षणीय अपवाद आहे, व तो याच मुलुखाच्या राज्यकारभारांतून निघालेला आहे. गडाचें जीवन गांवासारखें नसतें. तेथें शेत नाहीं, वस्ती दाट, पाणी टांक्यांचें व मोजकें. रायगड महाडच्या उत्तरेस उभा आहे. राजधानीचा गड म्हणून तेथील वस्ती कोणत्याहि कसब्यापेक्षां लहान नव्हती. गडांच्या अशा व्यवस्थेचा अनुभव घेतलेले रामचंद्र नीलकंठ अमात्य यांनीं १७१५–१६ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रांत दुर्गप्रकरणीं केराचा नियम सांगितला आहे. त्याचा आशय असा: गडाच्या वाटांवर, बाजारांत व तटालगत केरकचरा पडूं देऊं नये, ताकीद देऊन झाडून घ्यावें, झाडलेला केर गडाखालीं न टाकतां जागच्या जागीं जाळावा, आणि ती राख परसांत घालून घरोघर भाजीपाला करावा. तटाबुरुजांवर उगवणारीं झुडुपें वर्षांतून दोनतीनदां काढण्याची आज्ञाहि तेथेंच आहे.

हा नियम बारकाईनें पाहण्यासारखा आहे. केर कोठें पडूं नये, उचलून कोठें न्यावा, त्याचें काय करावें, व शेवटीं जें उरतें त्याचा उपयोग काय, या चारहि गोष्टींचें उत्तर त्यांत आहे. गडाखालीं न टाकण्याची अट विशेष महत्त्वाची. उंचावरून खालीं लोटलेला केर दृष्टीआड होतो, परंतु गडाखालच्या वस्तीच्या डोक्यावर येतो. आपली घाण दुसऱ्याच्या दारीं न लोटणें हें तत्त्व राजाज्ञेंत आलेलें पाहून कोणाहि संशोधकास समाधान वाटेल. शिवाय राबाची जी पद्धति कुणबी शेतांत वापरी तिचेंच हें गडावरील रूप आहे: जाळणें, राख करणें, राखेवर पीक घेणें. अमात्यांनीं नवें शास्त्र काढलें नाहीं; मावळ–कोंकणची रीत गडावर नेऊन तिला आज्ञेचें बळ दिलें.

याच वृत्तीचें दुसरें उदाहरण म्हणजे चिपळूण भागांतील हलवर्ण येथील लष्करास शिवछत्रपतींनीं १६७३–७४ च्या सुमारास पाठविलेलें प्रसिद्ध पत्र. रयतेच्या भाजीच्या देंठासहि हात लावूं नये या आज्ञेकरितां तें सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याचा मोठा भाग शुद्ध अंदाजपत्रकाचा आहे: दाणागवताचा सांठा पावसाळाभर पुरला पाहिजे, आतांच बेहिशेब उडवाल तर पुढें घोडीं मरतील, आणि गवताच्या गंजींजवळ विस्तव, तमाखू, दिवा यांची हयगय झाली तर एका रात्रींत सारें भस्म होईल. वर्षाचा पुरवठा आगाऊ मोजणें व ठिणगीएवढ्या हयगयीपासून तो राखणें या दोन गोष्टी त्या पत्रांत एकत्र आल्या आहेत. हिशेब आणि स्वच्छता हीं एकाच शिस्तीचीं दोन अंगें होत, हें यावरून दिसेल.

इंग्रजी अमलांत प्रश्नाचें रूप पालटलें. १८५० च्या २६ व्या कायद्यानें शहरवासीयांच्या मागणीवरून नगरपालिका स्थापण्याची सोय झाली. पुढें १८७३, १८८४ व १९०१ या सालच्या मुंबई इलाख्याच्या कायद्यांनीं त्या संस्थांस आकार आला. महाडची नगरपालिका ही याच एकोणिसाव्या शतकांतील घडामोडींचें अपत्य. सावित्री व गांधारी यांच्या संगमाजवळचें, भरतीबरोबर गलबतें येणारें व वरंध घाटानें देशाशीं जोडलेलें हें बाजाराचें गांव. शिवथर खोऱ्याचा माल व माणसें याच पेठेंत येत. येथें प्रथमच केर हा वहींतला आंकडा झाला. घरपट्टी, जकात, सफाईपट्टी जमेस. झाडूवाले, मुकादम, गाड्या, दिवाबत्ती खर्चास. मुंबई शहराच्या १८८८ च्या कायद्यांत तर मैला वाहण्याकरितां ‘हलालखोर पट्टी’ असें करास नांवच होतें. जें बलुत्याच्या धान्यांत लपलें होतें तें पैशांत उघड झालें. मात्र वहीचें सदर बदललें तरी हात तेच राहिले: पगार नगरपालिकेचा, पण नेमणूक जन्मानें ठरलेली.

आणि येथेंच आमच्या विषयाची खरी कसोटी लागते. या तालुक्यांतील रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर यांची १८९५ सालीं महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हां त्यांच्याबरोबर बसण्यास इतर सभासदांनीं हरकत घेतली. पुढें ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबई विधिमंडळांत सी. के. बोले यांचा ठराव मान्य झाला. त्यांतील शब्दयोजना आमच्या दृष्टीनें अर्थपूर्ण आहे. सार्वजनिक पैशांतून बांधलेलीं व चालविलेलीं, अथवा कायद्यानें स्थापलेल्या संस्थांच्या ताब्यांतील पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्यांस खुल्या असाव्यात, असा त्याचा रोख होता. म्हणजे हक्काचा पाया धर्मशास्त्रांत न शोधतां जमाखर्चांत शोधला होता. १९२४ सालीं महाड नगरपालिकेनें त्यास अनुसरून चवदार तळें खुलें असल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. १९ व २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालीं परिषद भरली. २० तारखेस तळ्याचें पाणी प्राशन करण्यांत आलें. त्यानंतर परिषदेस आलेल्यांवर हल्ले झाले, व १०८ घागरींनीं तळ्याचें ‘शुद्धीकरण’ झालें. ४ ऑगस्ट १९२७ रोजीं नगरपालिकेनें पूर्वीचा ठराव रद्द केला. वाद न्यायालयांत गेला. तळें सार्वजनिक नसून खासगी, असें फिर्यादींचें म्हणणें होतें. शेवटीं १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें, स्पृश्यांसच पाणी भरण्याचा अनादि परिपाठ शाबीत झाला नाहीं, म्हणून निकाल दिला.

या प्रकरणाचा राजकीय इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. आम्हांस त्यांतील एकच सूत्र पुढें ठेवावयाचें आहे. ज्या वर्गाच्या श्रमावर गांवची घाण निघे, त्याच्याच स्पर्शानें पाणी घाण होतें असें गांव मानीत असे. ही विसंगति शतकानुशतकें टिकली, कारण श्रमाची नोंद कोठेंच नव्हती. सार्वजनिक पैसा वहींत उतरल्यावर तो कोणाकोणाचा आहे हा प्रश्न अपरिहार्य झाला. डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं वतन कायद्याच्या दुरुस्तीचें विधेयक मुंबई विधिमंडळांत मांडलें, त्यामागेंहि हीच दृष्टि होती: अनिश्चित बलुत्याच्या जागीं निश्चित मोबदला. तें तेव्हां फळास आलें नाहीं. कनिष्ठ वतनें नष्ट करणारा कायदा १९५८ सालीं झाला. हातानें मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ व २०१३ या सालीं कायदे करावे लागले, यावरून ही गांठ किती घट्ट होती हें ध्यानीं येईल.

आज शिवथर खोऱ्यांतील गांवांचा कारभार १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याखालीं चालतो. प्रतिवर्षीं अंदाजपत्रक होतें. पंधराव्या वित्त आयोगानें २०२१ ते २०२६ या मुदतीच्या अनुदानांतील ६० टक्के भाग पाणी व स्वच्छता यांकरितां बांधून दिला होता. केर आतां बेहेड्याच्या मध्यभागीं आला आहे. परंतु केराची जातहि बदलली; प्लास्टिकचा राब होत नाहीं, व त्याच्या राखेवर भाजी पिकत नाहीं. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर महाडच्या रस्त्यांवर चिखल व केर यांचे ढीग सांचले, तेव्हां तो उपसण्यास इतर शहरांचीं पथकें बोलवावीं लागलीं. एका गांवाच्या वार्षिक अंदाजांत न मावणारा असा हा खर्च होता. वर जें टाकावें तें खालच्याच्या दारीं येतें, हा अमात्यांचा विचार नदीकांठच्या गांवांस आजहि लागू आहे.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. आपण सनदा, महजर व बखरी जपतों. त्या जपल्याच पाहिजेत. पण नगरपालिकांचीं जुनीं अंदाजपत्रकें, सभांचीं प्रोसीडिंगें, झाडूवाल्यांचीं हजेरीपत्रकें, ग्रामपंचायतींच्या रोकडवह्या या रद्दीच्या भावानें जात आहेत. ज्यांच्या नांवें कोणतीहि सनद कधींच निघाली नाहीं, त्यांचें नांव एखादे वेळीं अशाच हजेरीपत्रकांत, महिन्याच्या पगारापुढें, आंगठ्याच्या खुणेसह सांपडतें. असा कागद हातीं आल्यास त्यास तीन प्रश्न विचारावे: काम कोणतें, मोबदला कोणत्या रूपानें, आणि काम करणारास त्याच गांवच्या पाण्यावर हक्क होता कीं नाहीं. राजदप्तरांतील झाडा आपण पुष्कळ वाचला. गांव झाडणारांचा झाडा अजून वाचावयाचा आहे.