थायरॉइडची गोळी आणि जीवनसत्त्वांचा डबा

गळ्याच्या पुढच्या बाजूला, श्वासनलिकेला बिलगून बसलेली, फुलपाखराच्या आकाराची आणि जेमतेम १५ ते २० ग्रॅम वजनाची अवटु ग्रंथी, म्हणजेच थायरॉइड, शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीचा वेग ठरवते. तिच्यातून स्रवणारे थायरॉक्झिन हे संप्रेरक कमी पडू लागले की सगळा कारभार मंदावतो. थंडी सहन होत नाही, त्वचा कोरडी पडते, केस गळतात, बद्धकोष्ठता जडते, स्त्रियांची पाळी अनियमित होते, आवाज जाडसर होतो आणि कितीही झोप झाली तरी थकवा जात नाही. ही लक्षणे इतक्या हळूहळू येतात की 'वय झाले', 'कामाचा ताण आहे' अशा समजुतीत दोन-तीन वर्षे सहज निघून जातात.

हा विकार दुर्मीळ नाही. मुंबई आणि गोव्यासह देशातील आठ ठिकाणी झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ५,४०० प्रौढांची तपासणी करण्यात आली. त्यांपैकी जवळपास ११ टक्के व्यक्तींमध्ये अवटु ग्रंथीची मंदता आढळली. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हे प्रमाण बरेच अधिक असते.

एकेकाळी या विकाराचे मुख्य कारण आयोडीनची कमतरता हे होते. हिमाचलातील कांग्रा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून केलेल्या प्रयोगाने आयोडीनयुक्त मिठामुळे गलगंड कमी होतो हे दाखवून दिले. त्यातून १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. खाण्याच्या मिठात आयोडीन असण्याची सक्ती मध्यंतरी २००० मध्ये उठवण्यात आली होती, ती २००६ पासून पुन्हा देशभर लागू झाली. आज शहरी रुग्णांत प्रमुख कारण वेगळे आहे. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते. जपानी शल्यविशारद हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेला हा आजार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. या रुग्णांना आयोडीनचे जास्तीचे डोस किंवा समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल देऊन लाभ होत नाही. उलट ग्रंथी आणखी बिघडू शकते. ग्रंथी शस्त्रक्रियेने काढलेल्या किंवा किरणोत्सारी आयोडीनचे उपचार झालेल्या रुग्णांनाही पुढे बहुधा गोळी घ्यावीच लागते.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात बाजरीचा उल्लेख करणे भाग आहे. सुदानमध्ये झालेल्या अभ्यासांत बाजरीतील काही घटक अवटु ग्रंथीच्या कामात अडथळा आणतात असे दिसले. मात्र तिथे आहारात आयोडीनची वानवा होती आणि बाजरी हेच जवळजवळ एकमेव अन्न होते. आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या आणि गोळी नियमित घेणाऱ्या रुग्णाने थंडीतली बाजरीची भाकरी सोडण्याचे कारण नाही. कोबी-फ्लॉवरचेही तेच, शिजवून, बेताने खाल्लेल्या भाजीला घाबरण्यात अर्थ नाही. उपवासाच्या निमित्ताने वर्षभर केवळ शेंदेलोण वापरणाऱ्या घरांनी मात्र विचार करावा, कारण त्यात पुरेसे आयोडीन नसते.

मेंढीच्या अर्कापासून मायक्रोग्रॅमपर्यंत

इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील जॉर्ज मरे या डॉक्टरांनी १८९१ मध्ये ४६ वर्षांच्या एका रुग्ण स्त्रीला मेंढीच्या अवटु ग्रंथीच्या अर्काची इंजेक्शने दिली. जवळजवळ हालचाल थांबलेली ती स्त्री उठून कामाला लागली आणि पुढे २८ वर्षे जगली. तेवढ्या काळात तिच्यासाठी आठशेहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. एडवर्ड केंडॉल यांनी अमेरिकेत १९१४ च्या नाताळच्या दिवशी थायरॉक्झिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले आणि १९२७ पर्यंत ते प्रयोगशाळेत तयार करता येऊ लागले. आजची लिव्होथायरॉक्झिनची गोळी म्हणजे तेच संप्रेरक होय. शरीरात जे कमी पडले तेच बाहेरून पुरवणारी अशी औषधे थोडी आहेत, म्हणूनच 'आयुष्यभर औषध' या शब्दांची धास्ती इथे अनाठायी ठरते.

ग्रंथी पूर्ण निकामी झाली असल्यास प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १.६ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला साधारण १०० मायक्रोग्रॅम औषध लागते. वृद्ध आणि हृदयविकाराच्या रुग्णांत सुरुवात बरीच कमी मात्रेने करावी लागते, कारण मंदावलेल्या हृदयाला एकदम वेग दिल्यास ते दुखावते. मात्रा बदलल्यावर टीएसएचची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करतात. त्याआधी केलेली तपासणी दिशाभूल करते. हा उशीर औषधाच्या स्वभावात आहे. थायरॉक्झिनचे रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे नवा समतोल साधायला महिना-दीड महिना जातो.

याच गुणधर्मामुळे सर्वांत मोठी फसगत होते. गोळी बंद केल्यावर पहिल्या आठवड्यात काहीच जाणवत नाही. अहवालात टीएसएच नॉर्मल आलेला असतो, रुग्णाला वाटते की आजार बरा झाला. वास्तविक तो आकडा गोळीमुळे नॉर्मल झालेला असतो. दोन-तीन महिन्यांनी थकवा आणि सूज परत येते, तोवर कारणाचा विसर पडलेला असतो. वृद्ध रुग्णाने दीर्घकाळ गोळी सोडली आणि त्यातच कडाक्याची थंडी किंवा जंतुसंसर्ग झाला, तर शुद्ध हरपून जिवावर बेतू शकते. एखाद दिवशी गोळी विसरली तर मात्र घाबरू नये. आठवेल तेव्हा घ्यावी.

उलट टोकाची चूक वजन कमी करण्याच्या हव्यासातून होते. जास्त मात्रेने वजन थोडे उतरते, पण हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांची हाडे विरळ होतात. शिवाय टीएसएच किंचित वाढलेला दिसला म्हणजे गोळी सुरू करायलाच हवी असे नाही. चार ते दहा या दरम्यानच्या आकड्यावर निर्णय वय, लक्षणे आणि गर्भधारणेचा विचार पाहून होतो. सत्तरीनंतर तर थोडी वाढ स्वाभाविकच असते.

पाळी, चहा आणि गोळी

गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासोबत आणि न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी, असा नियम आहे. तो मोडतो बहुधा चहापाशी. नगर-मनमाड रस्त्यावरील नागापूर औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी, जिथे घरातील एक माणूस पहाटे कामाला निघतो आणि दुसरा रात्रपाळी करून परततो, तिथे 'सकाळी उपाशीपोटी' या शब्दांचा अर्थच दर आठवड्याला बदलतो. पाळीतल्या कामगाराने घड्याळाऐवजी पोट पाहावे. रात्रपाळीनंतर जेवून झोपणाऱ्याने दुपारी उठल्यावर, काही खाण्यापूर्वी गोळी घेतली तरी चालते. ज्याला कोणतीच सकाळ हाताशी लागत नाही त्याने शेवटच्या जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना घ्यावी. रोजा ठेवणाऱ्यांनाही हा पर्याय सोयीचा पडतो. उपवासाच्या दिवशी गोळी टाळण्याची प्रथा काही घरांत आहे. तिला वैद्यकीय आधार नाही.

जीवनसत्त्वांचा प्रश्न इथेच सुरू होतो, कारण बहुतेक घरांत सगळ्या गोळ्या एकाच डब्यात असतात आणि एकाच घोटात घेतल्या जातात. लोह आणि कॅल्शियम थायरॉक्झिनला आतड्यातच बांधून ठेवतात आणि ते रक्तात पोहोचत नाही. ही दोन्ही खनिजे बहुतेक मल्टिव्हिटॅमिन गोळ्यांत असतात. त्यामुळे थायरॉइडची गोळी आणि लोह, कॅल्शियम किंवा मल्टिव्हिटॅमिन यांत किमान चार तासांचे अंतर हवे. आम्लपित्तावरील काही औषधांनीही शोषण घटते. अशा रुग्णाचा टीएसएच वाढत जातो, मात्रा वाढवली जाते आणि दोष कुठे आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

सर्वाधिक नुकसान गरोदरपणात होते. गर्भाची स्वतःची ग्रंथी पहिल्या तिमाहीत पुरेशी काम करत नाही. त्याच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्झिनवर अवलंबून असते. त्यामुळे आईची गरज पहिल्या काही आठवड्यांतच २५ ते ३० टक्क्यांनी वाढते. आधीपासून उपचार घेणाऱ्या स्त्रीने पाळी चुकताच डॉक्टरांना भेटून मात्रा वाढवून घ्यावी. आठवड्याला दोन गोळ्या जास्त, असा सोपा हिशेब अनेक तज्ज्ञ सांगतात. पुढे शासकीय कार्यक्रमातील लोहाच्या आणि दिवसाला दोनदा कॅल्शियमच्या गोळ्या सुरू होतात. म्हणजे गरज वाढलेली असतानाच शोषणात अडथळे आणणारी औषधेही येतात. लोह आणि कॅल्शियमही एकमेकांपासून वेगळे ठेवावे लागतात. पहाटे सहाला थायरॉक्झिन, दुपारच्या जेवणासोबत कॅल्शियम, सायंकाळी पाचच्या सुमारास लोह आणि रात्रीच्या जेवणासोबत दुसरे कॅल्शियम, असा क्रम बसतो. यांपैकी कोणतीही गोळी सोडून देणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

जन्मतःच ग्रंथी काम करत नसलेल्या बाळांचा प्रश्न याहून तातडीचा आहे. भारतात दर हजार-बाराशे नवजातांमागे साधारण एकाला हा दोष असतो. बाळ वरकरणी ठीक दिसते. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवरून तिसऱ्या ते पाचव्या दिवशी निदान होऊ शकते आणि पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झाले तर बुद्धीची वाढ सहसा सुरळीत होते. उशीर झाल्यास मतिमंदत्व येते आणि ते भरून निघत नाही. प्रसूतीनंतर रुग्णालयात या तपासणीची चौकशी पालकांनी स्वतःहून करावी.

कोणती जीवनसत्त्वे, कशासाठी?

हाशिमोटोच्या काही रुग्णांत जठराच्या अस्तरावरही प्रतिकारशक्तीचा हल्ला होतो आणि ब-१२ जीवनसत्त्व शोषले जात नाही. आपल्याकडे शाकाहारी व्यक्तींत आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते मुळातच कमी असते. गोळी योग्य असूनही थकवा, हातापायांना मुंग्या, विसराळूपणा राहत असेल तर ब-१२ आणि हिमोग्लोबिन तपासणे शहाणपणाचे ठरते. ड जीवनसत्त्वाची कमतरता हाडांसाठी भरून काढावी. त्याने अवटु ग्रंथी सुधारते असे सिद्ध झालेले नाही. साठ हजार युनिटची पुडी आठवड्यातून एकदाची असते. ती गैरसमजाने रोज घेतल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर ताण येतो. सेलेनियममुळे काही रुग्णांत प्रतिपिंडे घटतात, पण गोळीची गरज कमी होते असा भक्कम पुरावा नाही.

केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनची गोष्ट निराळी. शरीराची गरज दिवसाला सुमारे ३० मायक्रोग्रॅम. बाजारातील गोळ्यांत ५ ते १० मिलिग्रॅम, म्हणजे शेकडो पट. ते औषधाला अडवत नाही, पण काही प्रयोगशाळांच्या तपासणी पद्धतीला चकवते. टीएसएच खोटाच कमी आणि टी-४ खोटेच जास्त दिसते. मात्रा जास्त झाली असे समजून ती घटवली जाते आणि केस गळणे, ज्यासाठी बायोटिन सुरू केले, ते आणखी वाढते. रक्त देण्यापूर्वी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवावे आणि ते घेत असल्याचे डॉक्टरांना सांगावे. 'थायरॉइड सपोर्ट' म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलपासून दूर राहणेच बरे. परदेशात तपासलेल्या अशा काही उत्पादनांत प्रत्यक्ष संप्रेरकच आढळले होते.

लिव्होथायरॉक्झिन अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत असल्याने त्याच्या कमाल किमतीवर नियंत्रण आहे. कंपनी वारंवार बदलू नये; बदलली तर सहा आठवड्यांनी टीएसएच पाहावा. मात्रा स्थिरावल्यावर सहा महिन्यांनी किंवा वर्षातून एकदा तपासणी पुरते. हे औषध उष्णता, प्रकाश आणि दमटपणाने निकामी होत जाते. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात, खिडकीत किंवा गॅसच्या शेगडीजवळच्या फळीवर ठेवलेल्या बाटलीतील गोळ्यांचा भरवसा राहत नाही. बाटली मूळ झाकणासह, कपाटात, सावलीत ठेवावी आणि महिन्याभराच्या गोळ्या प्लॅस्टिकच्या डबीत काढून ठेवू नयेत.