नाशिकची हेल्मेटसक्ती : एक शब्द व एक वाद

‘हेल्मेटसक्ती’ या सामासिक शब्दात महाराष्ट्रातील एका दीर्घ वादाचे सार आले आहे. त्यातील ‘सक्ती’ फारसी ‘सख्ती’पासून आलेली असून कठोरपणा हा तिचा मूलार्थ होय. १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले, तेव्हा या शब्दास लोकहिताची जोड मिळाली. हेल्मेटच्या वादात मात्र मूळचा कठोर अर्थच पुन्हा वर आला. पुण्यात २०१९ च्या आरंभी झालेल्या आंदोलनाची भूमिकाच अशी होती की, विरोध हेल्मेटला नसून सक्तीला आहे.

वस्तुतः १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ ने हे कर्तव्य दुचाकीस्वारावर घातले. पगडीधारी शिखांस त्यातून वगळले. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी घटतो, हे संशोधनाने दाखविले आहे. तेव्हा उपयुक्ततेविषयी विवाद उरत नाही.

नाशिकचे महत्त्व निराळे आहे. हेल्मेटविना पेट्रोल न देण्याची राज्यव्यापी योजना २०१६ मध्ये पंपचालकांच्या विरोधामुळे मागे पडली होती. पोलीस आयुक्त दीपक पांडेय यांच्या कारकीर्दीत तीच कल्पना नाशिक शहरात १५ ऑगस्ट २०२१ पासून अमलात आली. परिणामी, ज्यास दंडाचा अधिकार नाही, त्या पंपावरील कामगारास स्वाराला नकार देण्याचे काम करावे लागले. सक्ती कोणावर, या प्रश्नाइतकाच ती कोणाच्या हातून, हा प्रश्नही म्हणूनच विचारार्ह ठरतो.