लावा, बटेर आणि अंड्यावर न बसणारी आई

घरी बटेर पाळायचं म्हटलं की पहिला प्रश्न नफ्याचा निघतो. तो रास्तच आहे, पण त्याची उत्तरं देणारे पुष्कळ आहेत. आपण आज वेगळा प्रश्न घेऊ. हा पक्षी माणसाच्या घरात आला कसा, आणि तो आत येताना बाहेर कोण राहिलं?

लावा आपल्याकडे फार जुना. कामसूत्रात चौसष्ट कला सांगितल्या आहेत, त्यांत मेंढा, कोंबडा आणि लावा यांच्या झुंजी लावणं ही एक कला आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ लिहिला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, मराठवाड्याच्या शेजारचंच. या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये लाव्यांच्या झुंजीला स्वतंत्र प्रकरण आहे. म्हणजे पिंजरा होता, दाणा होता, तालीमही होती. मग हा पक्षी पाळीव झाला होता का? आम्ही म्हणू, नाही. झुंजीचा लावा रानातून धरून आणायचा, तो मेला की दुसरा आणायचा. पिंजऱ्यात ठेवणं वेगळं आणि घरात वंश चालवणं वेगळं. या दोहोंची गल्लत इतिहास लिहिणारेही करतात.

आता जालन्याकडे येऊ. अकबराचा इतिहासकार अबुल फजल काही काळ जालन्यात राहिला होता, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. त्याच्या ‘आईन-ए-अकबरी’त लावे धरायची एक युक्ती आहे. अरुंद तोंडाच्या मडक्यात फुंकून घुबडासारखा आवाज काढायचा. पाखरं घाबरून एकत्र येतात. मग दुसऱ्याने पेटता पेंढा फिरवायचा, त्यांचे डोळे दिपतात, आणि ती हाती लागतात. लिहिलं अबुल फजलने, पण हे ज्ञान दरबारातलं खचितच नव्हे. ते कोणत्या तरी पाखरं धरणाऱ्याचं आहे, आणि त्याचं नाव ग्रंथात नाही.

आपल्या भागात ही विद्या फासेपारध्यांची. कोणत्या महिन्यात कोणत्या रानात लावा उतरतो, तो कसली साद ऐकून येतो, फासा कुठे मांडायचा, हे सगळं त्यांना पाठ. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवलं, आणि पारध्यांवरही तो शिक्का बसला. कायदा १९५२ साली गेला, शिक्का मात्र अजून पुरता पुसलेला नाही. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीची उरलीसुरली वाटही बंद झाली. कायदा चुकीचा होता असं आम्ही म्हणत नाही. माळरानं नांगराखाली गेली, पाखरांना आसरा हवाच होता. पण पाखरू वाचवताना, पाखरं ओळखणाऱ्या माणसाला त्या कामात जागा द्यावी असं फारसं कुणाच्या मनात आलं नाही.

आणि याच सुमाराला, १९७४ साली, दुसरा पक्षी सरकारी वाटेने देशात आला. हीच आजची फार्मवरची बटेर. मूळची जपानी, आली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातून, आणि बरेलीजवळच्या इज्जतनगरला तिच्यावर संशोधन झालं. जपानात ती आधी गाण्यासाठी पाळत. आपण झुंजवली, त्यांनी गायला लावली. विसाव्या शतकात तिथे अंड्यांसाठी तिची निवड सुरू झाली, आणि दुसऱ्या महायुद्धात गाणाऱ्या जाती नष्ट झाल्या.

या निवडीची किंमत पाहा. सहा-सात आठवड्यांत मादी अंडी घालू लागते, वर्षाला अडीचशेच्या वर घालते, आणि त्यांवर बसत मात्र नाही. म्हणून घरी वंश वाढवायचा तर इनक्युबेटर हवा, नाहीतर खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवायची. सतरा-अठरा दिवसांत अंगठ्याएवढी पिल्लं बाहेर येतात, त्यांना पहिले दोन-तीन आठवडे बल्बची ऊब लागते. जालना हे बियाण्यांचं गाव. संकरित बियाणं घरी धरता येत नाही, हे इथे कुणाला सांगायला नको. बटेरीचं तसं नाही. तिचं बीज शाबूत आहे, फक्त आईपण यंत्राकडे गेलंय. मात्र सख्ख्या भावंडांच्या जोड्या लावल्या तर काही पिढ्यांतच अंडी वांझ निघू लागतात. तेव्हा नर अधूनमधून दुसरीकडून आणावा.

कायद्याचाही गोंधळ झाला. जपानी बटेर रानातही असते, म्हणून २०११ साली केंद्राने नव्या परवान्यांना मनाई केली. पुढे ती मागे घेतली गेली. रानातला लावा धरणं आणि पाळणं मात्र आजही गुन्हाच आहे. बाजारात दोघांनाही बटेर म्हणतात, तेव्हा घेताना पक्षी हॅचरीतला आहे ना, हे पक्कं करून घ्या.

एक चिठ्ठी आली आहे: नको झालेल्या बटेरी रानात सोडाव्यात का? मुळीच नाही. युरोपात शिकारीसाठी सोडलेल्या पाळीव बटेरींचा रानातल्या लाव्यांशी संकर झाल्याचं आढळलं आहे. आपल्याकडे हिवाळ्यात गव्हा-हरभऱ्याच्या रानात उतरणारा लावा त्याच जातीचा.