आतड्यात दुर्बीण पोहोचली कशी? कोलोनोस्कोपीची गोष्ट



नागपुरात माझ्या ओपीडीत दोन प्रकारची माणसे नेहमी येतात. पहिला म्हणतो, "डॉक्टर, संडासवाटे रक्त जातं, पण मूळव्याधच असेल. मलम लिहून द्या." दुसऱ्याला काहीच त्रास नसतो. तो म्हणतो, "मुलगा अमेरिकेत आहे. पन्नाशी झाली तर कोलोनोस्कोपी करून घ्या म्हणतो." दोघांनाही उत्तर द्यायचे तर थोडा इतिहास सांगावा लागतो.

आपले मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब आणि वळणावळणाचे आहे. पूर्वी सरळ, कडक नळीतून त्याचा शेवटचा वीतभर भागच दिसायचा. त्यापुढचे पाहायला बेरियमचा एक्स-रे काढत. त्यात गाठ दिसली तर पोट उघडावे लागे.

हे बदलायला सुरुवात झाली काचेच्या तंतूंमुळे. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी 1954 मध्ये लंडनमध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासोबत दाखवून दिले की, बारीक तंतूंच्या जुडीतून चित्र वळणापलीकडे नेता येते. 1957 मध्ये बेसिल हिर्शोविट्झ यांनी याच तत्त्वावर जठराची लवचिक दुर्बीण बनवली. पुढे 1969 मध्ये न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी मोठ्या आतड्यातला पॉलिप दुर्बिणीतून तारेचा फास टाकून काढला. पोट न उघडता!

हे महत्त्वाचे का? आतड्याचा बहुतेक कॅन्सर आधी पॉलिप म्हणून, म्हणजे छोट्या कोंबासारखा वाढतो. त्याचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षे लागतात आणि तोवर तो सहसा दुखतही नाही. पॉलिप काढले तर पुढचा कॅन्सर बऱ्याच अंशी टळतो, हे 1993 मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात दिसले. तिथे पन्नाशीनंतर तपासणीची शिफारस होती. 2021 मध्ये ते वय 45 वर आले.

मग आपल्याकडे तसे का नाही? भारतात कॅन्सर रुग्णांची शास्त्रशुद्ध नोंदणी मुंबईत 1963 मध्ये सुरू झाली. आपल्या नागपूरची नोंदणी 1980 ची. या नोंदींत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचे कॅन्सर ठळक दिसले. आतड्याचा कॅन्सर पाश्चात्त्य देशांपेक्षा बराच कमी होता. म्हणून 2016 च्या सरकारी तपासणी कार्यक्रमात तिशीपुढच्यांसाठी पहिले तीनच कॅन्सर घेतले.

तेव्हा दुसऱ्या पाहुण्याला मी सांगतो: त्रास नाही, घरात कुणाला हा कॅन्सर नाही, तर घाई नाही. शौचातील न दिसणाऱ्या रक्ताची साधी तपासणी आधी करता येते. ती पॉझिटिव्ह आली तर मात्र कोलोनोस्कोपी टाळू नये. आई, वडील किंवा भावंडाला साठीच्या आत हा कॅन्सर झाला असेल, तर चाळिशीला किंवा त्यांच्या निदानाच्या वयाआधी दहा वर्षे, यांपैकी जे आधी येईल तेव्हा सुरुवात करावी.

पहिल्या पाहुण्याला मात्र मी थांबवतो. "भारतात कमी" म्हणजे "मला नाहीच" असे नव्हे. आपल्याकडे चाळिशीच्या आतले रुग्णही असतात. मूळव्याध असली तरी वर आतड्यात गाठ असू शकते, आणि दोन्हींचे रक्त बाहेरून सारखेच दिसू शकते. रक्त जाणे, शौचाची सवय बदलणे, विनाकारण वजन घटणे किंवा हिमोग्लोबिन उतरणे, यांपैकी काही असेल तर आधी तपासून घ्या.

आदल्या दिवशी हलका आहार आणि जुलाबाचे औषध, हाच यातला खरा कंटाळवाणा भाग. तपासणी बहुधा गुंगी देऊन होते. रक्तस्राव किंवा आतड्याला छिद्र पडणे क्वचित घडते. त्याविषयी आधी मोकळेपणाने विचारा.

ज्या आजारासाठी पूर्वी पोट उघडावे लागायचे, तो लाजेपोटी लपवू नका. डॉक्टरांना सांगा.