बाजाराचे पंचांग आणि घराचे पंचांग



डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात कर्वेनगरच्या मुख्य रस्त्यावरून जो जाईल त्याला लाल टोप्या, कागदी चांदण्या आणि प्लास्टिकची हिरवी झाडे दुकानांच्या दर्शनी भागात टांगलेली दिसतात. २५ तारखेची रात्र सरते, आणि त्याच खुंट्यांवर काळी वस्त्रे व हलव्याचे दागिने चढतात. त्याच फळीवर तिळगुळाचे डबे येऊन बसतात. नाताळचा दिवस मावळण्यापूर्वीच पुष्कळ दुकानांत संक्रांत उगवलेली असते. संक्रांतीनंतर झेंडे, झेंड्यांनंतर पिचकाऱ्या आणि पिचकाऱ्यांनंतर साखरेच्या गाठी. सण येण्याआधी दुकानात येतो आणि घरात पोहोचतो न पोहोचतो तोच दुकानातून नाहीसा होतो.

यावर सर्वत्र एकच तक्रार ऐकू येते. पूर्वी असे नव्हते, हल्ली बाजाराला फार घाई झाली आहे, असे लोक म्हणतात. तक्रार खरी आहे काय, आणि असली तर तिच्यात नेमके खरे किती, हे इतिहासाला विचारून पाहावे, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम या जागेचीच गोष्ट घेऊ. आज जेथे दुकानांची रांग आहे तेथे सव्वाशे वर्षांपूर्वी हिंगणे बुद्रुक नावाचे लहानसे खेडे होते. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. पुढे प्लेगने शहर गांजले आणि १९०० च्या सुमारास रावबहादूर गोखले यांनी दिलेल्या हिंगण्याच्या जागेवर आश्रमाची झोपडी उभी राहिली. फर्ग्युसन कॉलेजातील गणिताचे अध्यापन आटोपून अण्णासाहेब चिखल तुडवीत पायी हिंगण्यास येत. तेव्हा येथे दुकान कसले? 'बाजार करणे' याचा अर्थ पुण्यास जाणे आणि सामान घेऊन परत येणे, एवढाच होता. त्या पुण्यातही बाजार वाराच्या हिशेबाने चाले. पेठांना सोमवार, बुधवार, शनिवार, रविवार ही नावे पडली ती त्या त्या वारच्या बाजारांवरून, असे सांगतात. रविवारी व बुधवारी भरणारा जुना बाजार ही त्या रीतीची आजही दिसणारी खूण होय. बाजार भरतो आणि उठतो. भरण्याइतकेच उठणेही त्याच्या स्वभावात होते.

मग पूर्वी घाई नव्हती काय? होती, पण ती दुकानदाराची नव्हती, कारागिराची होती. कुंभाराचे उदाहरण घ्या. दिवाळीच्या पणत्या लोक विकत घेत असतात तेव्हा त्याच्या मनात संक्रांतीची सुगडी असतात. सुगडी विकली जातात तोवर रथसप्तमीची बोळकी आणि उन्हाळ्याचे माठ चाकावर यावे लागतात. माती वाळायला, आवा लावायला दिवस लागतात, म्हणून तो नेहमीच एक ऋतू पुढे असतो. पेणचे मूर्तिकार तर विसर्जनानंतर थोड्याच दिवसांत पुढील वर्षाच्या गणपतींना हात घालतात. तेव्हा उद्याचा सण आज करणे ही काही आजच्या युगाची विकृती नव्हे. ती कारागिरीची जुनी शिस्त आहे. फरक इतकाच की ती घाई कुंभारवाड्याच्या आत राहत असे. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे ती येत नसे.

शिवाय तिला दोन कुंपणे होती. पहिले कुंपण निसर्गाचे. तीळ खरिपाचे पीक. ते हाती आल्यावर आणि गुऱ्हाळे पेटून नवा गूळ आल्यावरच तिळगूळ व्हायचा. हलव्याचे तर विचारूच नका. मंद आचेवरच्या परातीत तीळ किंवा खसखस घेऊन तिच्यावर थेंब थेंब पाक सोडीत, हाताने हलवीत बसावे लागते, आणि हवेत थंडी असल्याखेरीज त्याला काटा चांगला फुलत नाही. म्हणजे संक्रांतीचा दागिना थंडीनेच घडवावयाचा. तो भर उन्हाळ्यात करून ठेवीन म्हणणाऱ्याला थंडीच अडवीत असे.

दुसरे कुंपण पंचांगाचे. अनंत चतुर्दशीला गणपती गेले की भाद्रपदाचा वद्य पक्ष लागतो, आणि त्या पंधरवड्यात नवी खरेदी करू नये असा संकेत आहे. त्यामागील श्रद्धा काहीही असो, त्याचा एक परिणाम असा की गणपतीच्या आणि नवरात्राच्या बाजारामध्ये एक शांत मोकळी जागा राहते. सोन्याची पेढी आणि वाहनांची दुकाने ती शांतता आजही अनुभवतात. डिसेंबर-जानेवारीतही अशीच एक मोकळी जागा होती. सूर्य धनू राशीत असतो तो सुमारे महिन्याभराचा काळ म्हणजे धनुर्मास, ज्याला खेड्यापाड्यांत झुंजुरमास म्हणतात. या काळात लग्नकार्ये नाहीत, मोठी खरेदी नाही; पहाटे उठावे, सूर्योदयाला बाजरीची भाकरी, लोणी आणि मुगाची खिचडी खावी आणि भोगीची वाट पाहावी, एवढाच कार्यक्रम. व्यापाराच्या दृष्टीने हा पडका काळ होता. नाताळचा बाजार आपल्या पेठांत शिरला तो नेमका याच पडक्या जागेतून, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

पण नाताळ स्वतः पुण्याला नवा नाही. 'नाताळ' हा शब्दच आपण पोर्तुगिजांकडून घेतला, इंग्रजांकडून नव्हे. क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चला १७९२ साली जागा मिळाली ती सवाई माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत. म्हणजे खडकीच्या लढाईपूर्वी पंचवीस वर्षे, पेशव्यांच्या पदरी असलेल्या ख्रिस्ती लोकांसाठी. पुढे इंग्रजी लष्कराची छावणी पडली, १८२५ साली सेंट मेरीज चर्च उभे राहिले, आणि नाताळ हा लष्करातला सण झाला. गावातील सुशिक्षितांना त्याची ओळख सुट्टीच्या रूपाने झाली. कोर्टकचेऱ्या बंद, कॉलेजे बंद. म्हणून सभा भरवायला हा आठवडा सोयीचा. राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन १८८५ च्या नाताळात पुण्यातच व्हायचे होते. पटकीच्या साथीमुळे ते मुंबईस हलवावे लागले. पुण्याची पाळी आली ती १८९५ च्या डिसेंबरात. ज्या आठवड्यात आज आपण सवलतीच्या पाट्या वाचतो त्या आठवड्यात आपले पणजोबा ठराव वाचीत होते. त्यांचा नाताळ देशाच्या विचाराचा हंगाम होता, खरेदीचा नव्हता.

नाताळच्या बाजाराकडून आपण एक चांगली गोष्टही उचलली. इंग्रजी नियतकालिके नाताळनिमित्त खास अंक काढीत. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी तो आदर्श डोळ्यांपुढे ठेवून १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, आणि मराठी माणसाच्या फराळात वाङ्मयाची भर पडली. सण आला की काही विकायचेच, तर असेही काही विकता येते! आणि त्याची मौज अशी की दिवाळी अंक दिवाळीत वाचून संपत नाही. तो वाचनालयांतून, शेजाऱ्यांच्या हातांतून पुढे कित्येक महिने फिरत राहतो.

आता ज्यांचा हा सण त्यांच्या घरी तो कसा चालतो ते पाहा. ख्रिस्ती परंपरेत डिसेंबरचे पहिले आठवडे वाट पाहण्याचे, प्रार्थनेचे. उत्सव सुरू होतो तो २५ डिसेंबरला आणि पुढे बारा दिवस चालतो. ६ जानेवारीला तीन राजांचा सण. गोव्यात रेइश मागुश, कुएली आणि चांदोर येथे त्या दिवशी तीन मुले राजांचा वेष करून घोड्यावरून निघतात, तेव्हा कुठे तेथील नाताळाची सांगता होते. बाजाराने हा क्रम अगदी उलटा केला. वाट पाहण्याचे आठवडे तो उत्सवाचे करतो आणि उत्सव सुरू झाला त्याच दिवशी मांडव उतरवू लागतो. लाल टोपी उतरते तेव्हा ख्रिस्ती कुटुंबाचा सण नुकता दारात आलेला असतो.

बाजाराची सत्ता कोठवर पोहोचते याचे एक उदाहरण अमेरिकेच्या इतिहासात नोंदलेले आहे. तेथे नोव्हेंबरातील शेवटच्या गुरुवारी आभारप्रदर्शनाचा सण पाळीत आणि त्यानंतर नाताळची खरेदी सुरू होई. १९३९ साली तो गुरुवार ३० तारखेस आला. मंदीचे दिवस, खरेदीला दिवस कमी पडतात म्हणून व्यापाऱ्यांनी गाऱ्हाणे मांडले, आणि अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सणच एक आठवडा अलीकडे ओढला. काही राज्यांनी ते मानले, काहींनी मानले नाही, आणि एकाच देशात एक सण दोन वेगवेगळ्या दिवशी झाला! अखेर १९४१ मध्ये कायदा करून चौथा गुरुवार ठरवावा लागला. आपल्याकडे पंचांगावरून पुष्कळ वाद झाले, पण ते ताऱ्यांवरून आणि गणितावरून झाले. दुकानाच्या सोयीसाठी तिथी सरकवल्याचा आरोप आपल्या जोतिषांवर कोणी करणार नाही. संक्रांत सरकते खरी, सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस पुढे. पण ती पृथ्वीच्या आसाच्या गतीमुळे, व्यापाऱ्यांच्या अर्जामुळे नव्हे.

दुकानदाराला मात्र दोष देऊन मोकळे होता येत नाही. त्याचे गणित समजून घेतले पाहिजे. हंगामी मालाचे मोल एका रात्रीत उतरते. २४ तारखेस जी टोपी पोर हट्टाने घ्यायला लावते तिच्याकडे २६ तारखेस ते ढुंकून पाहत नाही. जागेचे भाडे मात्र २६ तारखेसही तेवढेच असते. भांडवल वर्षातून जितके वेळा फिरेल तितका व्यापार तरतो. रिकामी फळी ही त्याच्या दृष्टीने जळणारा पैसा होय. मोठे दुकान उरलेला माल कोठारात टाकते, निम्म्या भावाने काढते किंवा पुरवठादाराकडे परत पाठवते. पदपथावर सतरंजी टाकून बसणाऱ्याला यांतील एकही वाट मोकळी नसते. त्याचे भांडवल बहुधा उसने, आणि घर एवढेसे की अकरा महिने टोप्यांचे गाठोडे ठेवायला कोपरा नाही. म्हणून तोच माणूस डिसेंबरात टोप्या, जानेवारीत तिळगूळ आणि झेंडे, फाल्गुनात रंग विकताना दिसतो. त्याची घाई ही पोटाची घाई आहे. शेवटच्या रात्री त्याच्याशी घासाघीस करताना एवढे आठवले तरी पुरे.

मग तक्रारीत खरे काय उरले? माझ्या मते असे की, पूर्वी काळ तीन पदरी होता. कारागिराचा काळ सणाच्या पुढे धावे, दुकानाचा काळ सणाबरोबर चाले, आणि घराचा काळ सणाच्या मागे रेंगाळे. आज दुकानाने कारागिराचा काळ घेतला आहे. शीतगृहे आणि कारखाने यांनी निसर्गाचे कुंपण मोडले आहे. हे बदलणारे नाही. पण घरानेही दुकानाच्या मागे धावू लागावे, ही खरी हानी आहे. आपल्या सणांची घडण पाहा. प्रत्येकाला शेवट आहे, आणि तो शेवट विधिपूर्वक आहे. गणपतीची उत्तरपूजा होते, त्याला पुन्हा येण्याचे निमंत्रण देऊन निरोप दिला जातो. दिवाळी भाऊबीजेला थांबते आणि तुळशीच्या लग्नापर्यंत दारात दिवा लागत राहतो. संक्रांत एका दिवसाची असली तरी हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालते, म्हणजे ज्या सासुरवाशिणीला पहिल्या दिवशी सवड मिळाली नाही तिलाही सण मिळावा, अशी सोय आहे. हा मागचा रेंगाळणारा काळ म्हणजे आळस नव्हे. उशिरा येणाऱ्या माणसासाठी राखून ठेवलेला तो पाट आहे. बाजाराला स्थापना ठाऊक आहे, उत्तरपूजा ठाऊक नाही. ती घरानेच करावयाची आहे.

आणि सण वर्षभर पुरवता येतो, याचे उदाहरण शोधायला कर्वेनगराबाहेर जाण्याचे कारण नाही. हिंगण्याच्या संस्थेने भाऊबीज निधी जमवायची रीत पाडली. भाऊबीज हा खरा एका सायंकाळचा सण. ओवाळणी ताटात पडली की संपला. पण ती ओवाळणी अनोळखी बहिणींच्या शिक्षणासाठी मागण्याची कल्पना निघाली, आणि दारोदारच्या लहान लहान रकमांतून मुलींची शाळा, वसतिगृह, जेवणखाण यांना हातभार लागला. कार्तिकातली ओवाळणी पुढच्या चैत्रात कोणाच्या तरी पाटी-पुस्तकाच्या रूपाने जिवंत राहिली. कोणत्याही दुकानाने कोणताही सण इतका लांबवलेला नाही. ज्या रस्त्यावर आज फळ्या इतक्या भराभर बदलतात त्या रस्त्याला लागूनच हे घडले आहे.

तेव्हा दुकानांनी २६ डिसेंबरला काळी वस्त्रे खुशाल टांगावीत. ते त्यांचे पंचांग आहे. आपल्या शेजारच्या ख्रिस्ती घरी नाताळच्या शुभेच्छा द्यायला आपण ६ जानेवारीपर्यंत जाऊ शकतो, आणि तिळगूळ द्यायला रथसप्तमीपर्यंत. हे घराचे पंचांग आहे. ते कोणी छापून देत नाही. आपणच पाळले तर टिकते.