दोर धरणारे हात

अमरावतीच्या माणसाला एक गोष्ट फोडून सांगावी लागत नाही. कापूस इथल्या काळ्या मातीत पिकायचा, गाठी इथे बांधल्या जायच्या, पण भाव ठरायचा लिव्हरपूलला. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. 1865 साली युद्ध संपले आणि ते मोल उतरलेही. दूरच्या माणसाचा पैसा गावात आला की त्याच्या पाठोपाठ त्याचा शब्दही येतो, हा धडा व्यापारात आपण केव्हाच घेतला आहे. आज त्याच धड्याचे दुसरे पान उलगडायचे आहे. ते पान धर्मकार्याचे. ख्रिस्ती माणूस जगभरच्या मिशनकार्याला मदत का करतो, कशी करतो आणि ती कशी केलेली शोभते, हे आपल्याच मुलखाच्या इतिहासातून पाहू.

'का' याचे उत्तर तसे सोपे आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशू आपल्या शिष्यांना सर्व राष्ट्रांकडे जाण्याची आज्ञा करतो. ख्रिस्ती मनाला वाटते की, जे आपल्याला फुकट मिळाले ते झाकून ठेवणे बरे नव्हे. ज्याला पंढरीची वाट सापडली तो वारकरी शेजाऱ्याच्या दारी हाक घातल्याशिवाय राहतो का? तशातलीच ही ओढ. पण सर्वांनाच घरदार सोडून जाता येत नाही. मग जो जातो त्याच्यामागे उभे राहणे, हे बाकीच्यांचे काम ठरते.

या कामाची आधुनिक काळातली सुरुवात अगदी लहान होती. 2 ऑक्टोबर 1792 रोजी इंग्लंडमधल्या केटरिंग गावी एका घराच्या बैठकीत काही बाप्टिस्ट धर्मोपदेशक जमले. वर्गणीचे आकडे टाकले गेले. बेरीज झाली 13 पौंड, 2 शिलिंग, 6 पेन्स! त्या बळावर विल्यम कॅरी नावाचा, एके काळी जोडे शिवणारा माणूस पुढच्याच वर्षी बंगालला निघाला. त्याचा मित्र अँड्र्यू फुलर याने या साहसाला खोल खाणीची उपमा दिली होती. कॅरी खाणीत उतरणार, आणि वरच्यांनी दोर सोडायचा नाही. विहिरीत गाळ काढायला उतरलेल्या गड्याचा जीव काठावरच्या हातांत असतो, हे आपल्याकडे पोरालाही कळते.

पण कॅरी केवळ दोरावर लोंबकळत राहिला नाही. निळीच्या कारखान्यावर नोकरी करून त्याने पोट भरले. पुढे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवून मिळणारा पगार त्याने मिशनच्या कामात घातला. तिथे तो मराठीही शिकवीत असे. 1805 साली त्याचे मराठी व्याकरण छापले गेले, 1810 साली कोश निघाला. या कामात त्याचा आधार होता तो वैजनाथ पंडित. म्हणजे इंग्लंडच्या वर्गणीचा माणूस आणि मराठी पंडिताची विद्या अशी ही जोड होती. मिशनच्या हिशेबवहीत पौंड मांडले जातात. पंडिताचे देणे कुठल्या रकान्यात मांडायचे, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

आता अमेरिकेकडे वळू. 1802 साली बॉस्टन शहरात बायकांनी एक मंडळ काढले. नियम एकच होता, प्रत्येकीने आठवड्याला एक सेंट द्यायचा. घरखर्चातून एवढे वाचवणे गरिबिणीलाही जमे. आपल्याकडे अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला आणि त्यातून 1908 साली तळेगावचा काच कारखाना उभा राहिला, तीच ही युक्ती. थेंबे थेंबे तळे! अशा लहान लहान वर्गण्यांची सवय लागलेल्या समाजातून 1810 साली अमेरिकन बोर्ड निघाले, आणि फेब्रुवारी 1813 मध्ये गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले. हेच अमेरिकन मराठी मिशन. 1824 साली त्यांनी मुंबईत मुलींची शाळा काढली. दूर देशातली कोणी बाई चहा-साखरेतून एक नाणे बाजूला ठेवते आणि मुंबईत एखादी मुलगी पाटीवर अक्षर गिरवते, असा तो धागा.

कुष्ठरोग्यांच्या सेवेची हकिकतही अशीच आहे. 1874 साली वेलस्ली बेली या गृहस्थाने आयर्लंडमध्ये डब्लिनजवळ भारतातल्या महारोग्यांची स्थिती सांगितली. ती ऐकून पिम घराण्यातल्या तिघी बहिणींनी वर्षाला 30 पौंड जमवून देण्याचे कबूल केले. त्यातून जी संस्था वाढली तिच्या आश्रयाचे रुग्णालय आपल्या परतवाड्याजवळ कोठारा येथे आहे. आणि पुढे अमरावतीच्याच वेशीवर डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी तपोवन उभे केले, तेव्हा सेवा ही कुणा एका धर्माची मिरास नाही हेही वऱ्हाडाने दाखवून दिले.

इथवरची गोष्ट गोड आहे. पण इतिहासाच्या शिक्षकाने गोड तेवढेच सांगून चालत नाही.

अकोल्याला मार्कस फुलर आणि त्यांच्या पत्नी जेनी फुलर हे अमेरिकन जोडपे राहत असे. जेनीबाईंनी हिंदी स्त्रियांच्या दुःखावर लिहिलेले पुस्तक 1900 साली प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी त्या वारल्या. तो काळ मोठ्या दुष्काळाचा. न्यूयॉर्कच्या एका ख्रिस्ती साप्ताहिकाने वर्गणी गोळा केली, आणि 1900 साली 'क्विटो' नावाचे जहाज मका भरून मुंबईला आले. जीव वाचले, यात शंका नाही. पण उपाशी पोराच्या पुढे भाकरी आणि बाप्तिस्मा एकाच ताटात वाढले, तर त्याने निवडले काय आणि त्याला निवडावे लागले काय, हे कोणी सांगावे? हा प्रश्न मिशनच्या विरोधकांनीच विचारला असे नाही. पुष्कळ प्रामाणिक ख्रिस्ती माणसांनाही तो टोचत आला आहे, आणि टोचलाच पाहिजे.

या प्रश्नाच्या अगदी मध्यभागी उभी राहिलेली आपली मराठी बाई म्हणजे पंडिता रमाबाई. 1883 साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1886 साली, आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाच्या निमित्ताने, त्या अमेरिकेला गेल्या. गावोगाव व्याख्याने दिली, पुस्तक लिहिले. त्याचे फळ म्हणून डिसेंबर 1887 मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि दहा वर्षे मदत देण्याचे ठरले. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास गेले. अट अशी होती की, शाळेत धर्म शिकवायचा नाही, ज्या त्या मुलीने आपापला धर्म पाळावा.

रमाबाईंनी धर्म शिकवला नाही. पण स्वतःच्या खोलीत त्या प्रार्थना करीत, आणि दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. 1893 साली पुण्यात वादळ उठले. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची धास्ती खोटी म्हणता येत नाही. त्यांनी शब्दावर विसंबून मुली सोपवल्या होत्या. पण स्वतःच्या घरात दार लावून प्रार्थना करा, असे तरी त्या बाईला कोणत्या तोंडाने सांगायचे? बॉस्टनकरांनी मात्र दोर सोडला नाही. मतभेद, चौकशा, पत्रव्यवहार हे सारे होऊनही त्यांनी दिलेला शब्द पाळला. देणाऱ्याची खरी परीक्षा इथे असते. फोटो छापून येतो तेव्हा कोणीही देतो. बोभाटा होतो तेव्हा जो टिकतो तो खरा दाता.

1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात फिरल्या, निराधार मुली-बायका घेऊन आल्या, आणि केडगावला 'मुक्ती' उभी राहिली. इथे धर्माबाबत आडपडदा नव्हता, हे खरे. पण केवळ आयत्या अन्नावरचा तो आश्रम नव्हता. शेती, माग, तेलाची घाणी, छापखाना, सारे बायका चालवीत. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर तिथेच छापले गेले. आणि दोराचे दुसरे टोक पाहा. मुक्तीत काम करणाऱ्या मिनी एब्रम्स यांनी 1905 सालच्या तिथल्या धर्मजागृतीवर पुस्तक लिहिले आणि दक्षिण अमेरिकेत, चिली देशातल्या आपल्या मैत्रिणीला पाठवले. ते वाचून तिथल्या मंडळीत जी चळवळ सुरू झाली, तिच्यातून 1909-10 च्या सुमारास एक नवी ख्रिस्ती शाखाच जन्मली. पुणे जिल्ह्यातल्या एका खेड्याने चिलीला दिले! घेणारा हात देणारा झाला, की समजावे मदत सार्थकी लागली.

स्वातंत्र्यानंतर हा हिशेब सरकारदरबारीही आला. आपला वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि राजधानी होती नागपूर. 1954 साली त्या सरकारने न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 1956 सालच्या अहवालात परदेशी पैशावर आणि धर्मांतराच्या पद्धतींवर कडक टीका होती. ख्रिस्ती समाजाला तो अहवाल एकतर्फी वाटला, फार लागला. पण त्यातली एक सूचना अशी होती की, भारतातल्या ख्रिस्ती मंडळ्यांनी परदेशी आधारावाचून आपली स्वतंत्र, एकत्र संस्था उभी करावी. गंमत अशी की, काही मंडळ्यांची एकीची बोलणी 1929 सालापासूनच चालू होती, आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले ते नागपुरातच. टीकाकाराचे म्हणणे आणि ख्रिस्ती माणसाच्या मनातली इच्छा, दोन्ही कुठे तरी एकाच वळणावर भेटत होत्या.

मग आज वऱ्हाडातल्या ख्रिस्ती माणसाने मिशनकार्याला मदत करावी ती कशी?

पहिले, थोडे द्यावे पण नेमाने द्यावे. मिझोराममध्ये 1910 सालापासून बायका दर स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ वेगळे काढून मंडळीला देतात, आणि त्यावर तिथले धर्मकार्य चालते. आपल्याकडचा मुष्टिफंड तो हाच. दुसरे, जिथे देतो तिथली माणसे, भाषा, अडचणी समजून घ्याव्यात; अजाणपणी दिलेले दान पुष्कळदा अपमान करते. तिसरे, हिशेब चोख असावा. परदेशातून येणाऱ्या देणगीसाठी 1976 पासून कायदा आहे, 2010 साली तो नव्याने झाला. तो पाळण्यात कमीपणा नाही. चौथे, दिल्यावर हुकूम सोडू नये. आणि शेवटचे, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, भाकरी द्यायची तर ती भाकरी म्हणून द्यावी. श्रद्धा सांगायची तर भरल्या पोटाच्या, मोकळ्या मनाच्या माणसाला सांगावी, आणि त्याने नाही म्हटले तरी दुसऱ्या दिवशीची भाकरी थांबू नये.

लिव्हरपूलचा व्यापारी पैसा द्यायचा आणि भाव ठरवायचा. त्याचा तो धंदाच होता. दोर धरणाऱ्याचे काम निराळे आहे. त्याने दोर घट्ट धरायचा. विहिरीतले पाणी कोणी प्यायचे आणि किती, हे त्याने ठरवायचे नसते.