हाफ फ्राय आणि बेअरिंग

गाडीचं 'फेसलिफ्ट' म्हटलं की आपण आधी दिवे बघतो. मग बंपर बदलला का, अलॉय नवीन आलेत का, पॉवर किती वाढली. बस्स. कंपनीने दुरुस्त काय केलं आणि तसंच काय ठेवलं, हे फारसं कुणी विचारत नाही. हा प्रश्न का विचारायचा, ते पोर्शे ९११ च्या १९९७ ते २००८ या अकरा वर्षांत फार छान दिसतं.

थोडी पार्श्वभूमी. ही गाडी पहिल्यांदा १९६३ च्या फ्रँकफर्ट मोटार शोमध्ये दिसली, तेव्हा तिचं नाव ९०१ होतं. मधे शून्य असलेले तीन आकडी नंबर आमचे, म्हणून प्यूजोने हरकत घेतली आणि शून्याचा एक झाला. मागच्या चाकांच्याही मागे बसवलेलं, हवेने थंड होणारं सहा सिलिंडरचं इंजिन आणि पुढे दोन गोल दिवे ही तिची ओळख. पुढची तीसेक वर्षं ही ओळख कंपनीने जपली.

मग कंपनीच बुडायची वेळ आली. १९८० च्या दशकाच्या मध्याला वर्षाला ५० हजारांच्या वर गाड्या विकणारी पोर्शे १९९२-९३ मध्ये १४ हजारांच्या आसपास आली. सूत्रं वेन्डेलिन वीडेकिंग यांच्याकडे गेली. त्यांनी टोयोटात मुरलेले जपानी सल्लागार कारखान्यात आणले आणि खर्चाला कात्री लावली. दोन नव्या गाड्या एकत्र डिझाइन झाल्या: स्वस्त बॉक्स्टर आणि नवी ९११. बॉक्स्टर १९९६ ला आली, '९९६' या सांकेतिक नावाची ९११ १९९७ ला. दोघींचे दरवाजे, बॉनेट आणि दिवेसुद्धा एकच. आपल्या भाषेत सांगायचं तर कॉमन लायब्ररी. एकदा लिहा, दोन प्रॉडक्टमध्ये वापरा.

इंजिनही बदललं. प्रदूषणाचे आणि आवाजाचे नियम कडक होत होते. त्यासाठी सिलिंडरमागे चार व्हॉल्व्ह हवे होते आणि त्या हेडची उष्णता नुसत्या हवेने ओढून नेणं अवघड होतं. म्हणून ९११ मध्ये पाणी आलं. ३.४ लिटर, ३०० पीएस. जुने भक्त हळहळले, पण खरा गदारोळ झाला तो दिव्यांवरून. खर्च वाचवायला हेडलाइट आणि इंडिकेटर एकाच काचेखाली बसवले होते. त्यातला नारिंगी भाग खाली ओघळल्यासारखा दिसायचा. लोकांनी नाव ठेवलं 'फ्राइड एग'. म्हणजे आपलं हाफ फ्राय :) आणि वर, एवढे पैसे मोजून बॉक्स्टरचंच तोंड?

कंपनीने ऐकलं. २००१ च्या उत्तरार्धात रिफ्रेश झालेली गाडी आली. तिला महागड्या टर्बो मॉडेलचे दिवे मिळाले. इंजिन ३.६ लिटरचं, ३२० पीएसचं झालं. बॉडी आणखी कडक केली. ग्लोव्ह बॉक्ससुद्धा आला, जो आधीच्या गाडीत चक्क नव्हता! पुढे २००४ मध्ये '९९७' आली तेव्हा गोल दिवे परत आले.

आता आतली गोष्ट. या इंजिनात क्रँकशाफ्टकडून कॅमशाफ्टकडे फिरकी पोचवायला मधे एक वेगळा शाफ्ट होता. त्याच्या एका टोकाला सीलबंद बॉल बेअरिंग. काही गाड्यांत, सगळ्या नव्हे, ते बेअरिंग झिजून फुटायचं. मग टायमिंग चुकायचं, व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळायचे आणि अख्खं इंजिन भंगारात.

सुरुवातीला हे बेअरिंग दोन ओळींचं होतं. २००० च्या आसपास ते एका ओळीचं झालं आणि जास्त बिघडणारं निघालं तेच. म्हणजे ज्या रिफ्रेशमध्ये दिवे सुधारले, पॉवर वाढली, त्याच गाडीच्या पोटात आधीपेक्षा कच्चं बेअरिंग होतं. २००५ नंतर मोठं बेअरिंग आलं. शेवटी २००८ च्या रिफ्रेशमध्ये डायरेक्ट इंजेक्शनचं नवं इंजिन आलं आणि त्यात तो शाफ्टच काढून टाकला. अमेरिकेत २००१ ते २००५ च्या काही ९११ आणि बॉक्स्टरबाबतचा सामूहिक दावा २०१३ मध्ये तडजोडीने मिटला.

हिशोब करा. दिवे चार वर्षांत बदलले. बेअरिंगचा प्रश्न मुळापासून सुटायला अकरा. दिवा शोरूममध्येच दिसतो, त्यावर मासिकं लिहितात, गाडी न घेणारेही बोलतात. बेअरिंग दिसतं ते इंजिन उघडल्यावर आणि तेही फक्त मेकॅनिकला आणि बिल भरणाऱ्याला. रिफ्रेशची यादी तक्रारींवरून बनते आणि ज्याची तक्रार मोठ्याने होते ते यादीत वर जातं. हे मला ओळखीचं वाटतं, कारण आमच्याकडेही बटणाच्या रंगावर पन्नास मेल येतात आणि मेमरी लीकवर एक, तोही रात्री तीन वाजता.

आणि तरीही त्या बदनाम ९९६ ला मी नावं ठेवणार नाही. १९९३ च्या आकड्यांवर पोर्शे फार दिवस स्वतंत्र तगली नसती. ही पिढी सुमारे पावणेदोन लाख विकली गेली आणि बॉक्स्टरसोबत तिने कंपनी तारली. भागांची वाटणी हा निर्णय बरोबरच होता. प्रश्न फक्त काटकसर कुठवर न्यायची याचा होता.

२०२४ ला ९११ पुन्हा रिफ्रेश झाली. जीटीएसमध्ये हायब्रिड आलं, एकूण ५४१ पीएस. चर्चा कशाची? काट्यांचं टॅकोमीटर जाऊन स्क्रीन आला आणि पिळून चालू करायच्या जागी बटण आलं, याची. असो. तुम्ही पुढची गाडी घ्याल, मग ती ९११ असो नाहीतर हॅचबॅक, तेव्हा सेल्समनला एवढंच विचारा: दिव्यांचं राहू द्या, इंजिनात काय बदललंय आणि का?